कोऱ्या पाण्यातला पारा

१

मंगळवारी सकाळी साडेआठला मालागितच्या कॉलेजात, ज्या पाण्यात काहीच नसायला हवं होतं, त्या पाण्यात पारा निघाला.

बाटलीचं सील डॉक्टर एदिथा ओलाग्वेरनं स्वतः तोडलं होतं. सीलवर सही तिची, तारीख शुक्रवारची. पाणी तिनं काचेच्या पेल्यात ओतलं, इलेक्ट्रोडची पट्टी बुडवली, यंत्र चालू केलं आणि पडद्यावर सपाट रेघ उमटायची वाट बघत बसली. रेघ आली. मध्यावर ती वर चढली, छोटीशी टेकडी करून पलीकडे उतरली. पाऱ्याची टेकडी जिथं यायची, नेमकी तिथंच. एदिथानं पट्टी बदलली. टेकडी. दुसरी बाटली फोडली. पुन्हा टेकडी.

एदिथाची पट्टी मालागितमध्ये कुणाला समजावून सांगावी लागत नाही. या गावात घरोघर पारा टाकून सोनं पकडतात. एदिथा सोनं टाकून पारा पकडते, एवढाच फरक. कार्बनच्या बोटभर पट्टीच्या टोकाला सोन्याचे कण बसवलेले, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देणार नाहीत. पाण्यात पाऱ्याचा अंश असला तरी तो त्या सोन्याला जाऊन चिकटतो. मग वीज हळूहळू वाढवत नेली की सुटतो, आणि सुटताना पडद्यावर टेकडी उठवून जातो. जितका पारा, तितकी टेकडी उंच.

हापशाचं पाणी मोजण्याआधी ‘कोरं पाणी’ मोजायचं, हा या कामातला पहिला नियम. दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं, चिमूटभर आम्ल घातलेलं, बाकी काही नसलेलं पाणी. त्यात सपाट रेघ आली तर यंत्र खरं बोलतंय. कोऱ्या पाण्यातच टेकडी आली, तर त्यानंतर यंत्र जे सांगेल ते ऐकणारा खुळा.

आणि गुरुवारी ऐकणारे आठ जण बसणार होते. बातोबातो गावच्या शाळेतला हापसा बंद करायचा की नाही, याचं मतदान नगरपालिकेत व्हायचं होतं. शाळेत एकशे बेचाळीस मुलं, पाणी त्या एकाच हापशाचं, आणि शंभर पावलांवर सोन्याच्या खनिजाची गिरणी. गेल्या महिन्यात एदिथाच्या पट्टीनं त्या पाण्यात मर्यादेच्या सातपट पारा दाखवला होता. गिरणीवाल्यांनी म्हटलं, सगळ्यांसमोर मोजून दाखवा. म्हणून नवे नमुने शुक्रवारी आणून कपाटात सीलबंद ठेवलेले, कोऱ्या पाण्याच्या बाटल्या शेजारी. शुक्रवारी दुपारी तेच कोरं पाणी तिनं मोजलं होतं तेव्हा रेघ सपाट होती.

डीन बालाने आले, त्यांनी टेकडी पाहिली, घाम पुसला.

‘‘म्हणजे पट्टी बिघडली?’’

‘‘पट्ट्या तीन बदलल्या, सर. पाणी बिघडलंय.’’

‘‘सील?’’

‘‘शाबूत आहे. हीच तर अडचण.’’

डीननी पोलिसांना फोन केला नाही. पोलीस आले असते तर गिरणीला दुपारच्या आत कळलं असतं. त्यांनी मानाय निलाला बोलावलं.

२

मानाय म्हणजे त्या भागात थोरली बहीण. लिओनिला आबांतोला अख्खं मालागित मानाय निला म्हणायचं, कारण निम्म्या गावाचे दागिने तिच्या हातून आत गेले होते आणि त्यातले निम्मेच बाहेर आले होते. गहाणवटीच्या दुकानात एकतीस वर्षं ती सोनं पारखायला बसली. खिडकीची जाळी अशी की पलीकडच्या माणसाचे फक्त हात दिसत. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. लोकांचे चेहरे ती विसरायची. बोटं विसरत नसे.

‘‘मानाय, मला गुरुवारच्या आत नाव हवंय,’’ डीन म्हणाले.

‘‘कुणाचंही चालेल, की ज्यानं केलं त्याचंच?’’

‘‘शक्यतो ज्यानं केलं त्याचं.’’

‘‘शक्यतो,’’ निला म्हणाली आणि छत्री कोपऱ्यात उभी करून बसली.

प्रयोगशाळेत एदिथाखेरीज तिघांचं येणंजाणं. पहिला आला मानोय दोरोय, वीस वर्षांचा जुना सहायक. मानोय म्हणजे थोरला भाऊ. तो निलाहून लहान होता, पण गावात पोट सुटलं की माणूस मानोय होतो.

‘‘तुझं नाव यादीत सगळ्यात वर आहे,’’ निला म्हणाली.

‘‘असणारच. गिरणी माझ्या भावाची. आईनं आम्हाला एकाच घरात जन्म दिला, तिथंच चुकलं तिचं.’’

‘‘बोलतो का भाऊ?’’

‘‘नाताळात. तेही डुक्कर भाजलेलं असेल तर.’’

शुक्रवारी सकाळी हापशाचं पाणी दोरोयनंच भरून आणलं होतं. साक्षीला नगरपालिकेचा कारकून.

‘‘कारकुनानं काय पाहिलं?’’

‘‘तीनचाकीच्या सावलीत बसून मोबाईल पाहिला. पाच बाटल्या मी एकट्यानं भरल्या, मी फॉइलमध्ये गुंडाळल्या. त्यानं सही तेवढी मन लावून केली.’’

निला त्याच्या हाताकडे बघत होती. ‘‘लग्नाची अंगठी काढ बघू.’’

‘‘ही काढायची तर बोट काढावं लागेल, मानाय. लग्नात मी पंचावन्न किलोचा होतो. साबण झाला, तेल झालं, बायकोनं ओढून पाहिली. आता मेल्यावरच.’’

तिनं त्याचा हात खिडकीकडे वळवला. मांसात रुतलेली अंगठी कडेपर्यंत पिवळीधमक होती. तिनं हात सोडला.

दुसरे रसायन विभागाचे प्रमुख इबास्को. मनिलाहून आलेले, आणि अकरा वर्षांनंतरही नुकतेच आल्यासारखे. पारा मोजायचं मोठं यंत्र त्यांच्या विभागात होतं. दोन वर्षांपासून एका सुट्या भागाची वाट बघत झाकून ठेवलेलं.

‘‘भुतं दिसणारी पट्टी आहे ती,’’ ते म्हणाले. ‘‘मी आधीच सांगितलं होतं.’’

‘‘काय सांगितलं होतं, सर? कोऱ्या पाण्यात पारा येईल असं?’’

‘‘असं नाही हो. आपलं एकंदरीत.’’

‘‘शुक्रवारी कुठं होतात?’’

इबास्कोंनी आनंदानं मोबाईल काढला. शुक्रवारी सकाळी ते नागाला गेले होते, पुतणीच्या लग्नात धर्मपिता म्हणून. सोमवारी सुट्टी, रात्री उशिराच्या बसनं परत. निलाला चाळीस फोटो बघावे लागले. चाळिसांतही इबास्को होते आणि तिसात ते जेवत होते.

तिसरी फ्लोर, फ्लोरदेलिझ व्हिबार, बातोबातोच्या शाळेची शिक्षिका. गाव तिला टीचर फ्लोर म्हणायचं. आठ महिन्यांपूर्वी बाटलीत पाणी घेऊन एदिथाच्या दारात प्रथम उभी राहिली ती हीच. तेव्हापासून दर शुक्रवारी यायची.

‘‘शाळेत किती शिक्षक?’’

‘‘दोन होते. आता वर्गही मी, हेडमास्तरही मी आणि घंटाही मीच मारते.’’ ती हसली, पण बोटातली अंगठी फिरवत राहिली. ‘‘मानाय, गुरुवारी मोजणार ना? पुढं नाही ना ढकलणार?’’

‘‘कोऱ्या पाण्याचं कोडं सुटलं तर.’’

‘‘त्या कोऱ्या पाण्याचं काय एवढं? ज्यात काही नाही ते पाणी मोजायचंच कशाला, हे मला आठ महिन्यांत कळलं नाही. मोजायचंय ते हापशाचं.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘गिरणी दोन आठवडे बंद ठेवलीय त्यांनी, माहिताय? मुद्दाम. गुरुवारी पाणी स्वच्छ दिसावं म्हणून.’’

ती गेल्यावर डीन आत डोकावले. ‘‘दोरोयच ना? मी बडतर्फीचं पत्र तयार ठेवलंय.’’

‘‘ठेवा,’’ निला म्हणाली. ‘‘नावाची जागा तेवढी रिकामी सोडा.’’

३

दुपारी तिनं कपाट उघडायला लावलं. लाकडी कपाट, दोन फळ्या, जाड दारं. किल्ल्या दोन: एक एदिथाच्या पर्समध्ये, एक कॅलेंडरमागच्या खिळ्यावर.

‘‘ही दुसरी कुणाकुणाला माहिताय?’’

‘‘कॅलेंडर बदलायला येतो त्याच्यासकट सगळ्यांना,’’ दोरोय म्हणाला.

कपाटात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या एकाच मापाच्या, वरून एकसारख्या दिसणाऱ्या. प्रत्येकीवर आकडा. कोऱ्या पाण्याच्या तीन, त्यातल्या दोन फोडलेल्या, हापशाच्या पाच. एदिथानं तिसऱ्या बाटलीचं सील भिंगाखाली धरलं. टोचल्याची खूण नाही, चिकटवल्याची नाही. मग ती बाटलीही तिनं फोडली. तीच टेकडी.

‘‘झाकण न उघडता पारा आत कसा जातो, मानाय?’’ ती म्हणाली. रडकुंडीला आली होती, पण रडण्यातली नव्हती. ‘‘गुरुवारी मला हेच विचारणार आहेत. मला उत्तर देता आलं नाही की हापसा चालू.’’

‘‘या कपाटात बिघडलं नाही असं काही कोरं पाणी आहे?’’

एदिथा विचारात पडली. खालच्या फळीच्या कोपऱ्यात गेल्या महिन्याची एक बाटली होती, संपत आलेली. तिनं मोजली. पाच मिनिटांनी पडद्यावर रेघ आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

‘‘कागद काढ,’’ निला म्हणाली. ‘‘सगळ्या बाटल्यांचे.’’

फॉइल उतरलं. बिघडलेल्या तिन्ही बाटल्या प्लास्टिकच्या. कोपऱ्यातली जुनी काचेची. हापशाच्या पाचही काचेच्या.

‘‘काचेच्या सहाच आहेत माझ्याकडे,’’ एदिथा म्हणाली. ‘‘हापशाचं पाणी महत्त्वाचं म्हणून ते काचेत. कोऱ्या पाण्याला प्लास्टिक.’’

निलानं खुर्ची ओढली. ‘‘दुकानात वर्षाला दोन-तीन बायका तरी यायच्या. पांढरी पडलेली बांगडी काचेवर ठेवायच्या आणि शपथा घ्यायच्या, पाऱ्याला हात लावला नाही म्हणून. मी विचारायची, नवऱ्याची पाऱ्याची बाटली कुठं असते? तर दागिन्यांच्याच कपाटात. सोड्याची प्लास्टिकची बाटली, बूच घट्ट. तरी बांगडी पांढरी. मालागितमध्ये शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पाऱ्याची बाटली श्वास सोडते.’’

एदिथानं प्लास्टिकची बाटली उचलली. ‘‘वाफ. प्लास्टिकमधून आरपार जाते. बाहेर येते तशीच आतही जाईल, आणि आतल्या आम्लात अडकून बसेल. काचेतून नाही जात. मानाय, हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय!’’

‘‘मग?’’

‘‘या खोलीत पारा नव्हताच कधी. माझ्या डोक्यातच आलं नाही.’’

‘‘नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी आला आणि आज सकाळी तू यायच्या आत गेला. बाटली कुणी उघडलीच नाही, एदिथा. उघडलं ते कपाट.’’

४

बुधवारी सकाळी व्हरांड्यात निला, एदिथा आणि दोरोय कॉफीत पाव बुडवून खात होते. बाजूच्या खोलीत नव्या पट्ट्या वाळत होत्या. कोडं सुटलं होतं आणि अडचण तशीच होती. नगरपालिकेला वाफेची गोष्ट सांगता आली असती, पण पहिला प्रश्न आला असता: पारा ठेवला कुणी? आणि सगळ्यांच्या माना दोरोयकडे वळल्या असत्या. दोरोय आपली मान आधीच खाली घालून बसला होता.

‘‘मान वर कर,’’ निला म्हणाली. ‘‘तुला गिरणी वाचवायची असती तर शुक्रवारी हापशाच्या बाटल्या तुझ्याच हातात होत्या. कारकून मोबाईल बघत होता. वाटेत कुठल्याही नळाचं पाणी भरलं असतंस की खेळ संपला होता. सोपा दरवाजा उघडा असताना खिडकीतून कोण शिरतं?’’

‘‘हे डीनना सांगाल का?’’

‘‘डीनना नावाशी मतलब आहे, कारणाशी नाही. शिवाय तुझी अंगठी. पाऱ्यात वावरलेलं सोनं पांढरं पडतं. पुन्हा पिवळं करायचं तर काढून विस्तवावर धरावं लागतं. तुझी निघत नाही, आणि बोटासकट तू ती भाजलेली दिसत नाहीस.’’

एदिथाला हसू आलं. ‘‘इबास्को सर?’’

‘‘ते नागाला जेवत होते. मी एकेक घास पाहिलाय.’’ निलानं पाव खाली ठेवला. ‘‘मी उलट्या बाजूनं हिशेब करत होते. काल सगळे म्हणत होते, गिरणीच्या माणसानं केलं. अरे, गिरणीच्या माणसाला पारा दिसायला नको आहे! हापशाच्या बाटल्यांशेजारी तो पारा कशाला आणून ठेवील? फॉइलमध्ये काच आहे की प्लास्टिक, बाहेरून कळत नाही. म्हणजे ज्यानं ठेवला त्याला वाटलं, सगळ्याच बाटल्या श्वास घेतील. हापशाच्या पाण्यात पारा वाढेल.’’

‘‘वाढेल?’’ एदिथा म्हणाली. ‘‘पण तो वाढून कुणाला हवाय?’’

दोरोयनं कॉफीचा कप हळूच खाली ठेवला.

‘‘ज्याला हापसा बंद व्हायला हवाय त्याला,’’ निला म्हणाली. ‘‘आणि कोऱ्या पाण्याचा उपयोग काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला. दोरोय, शुक्रवारी एदिथाचा वाढदिवस होता ना? फोटो काढला असशील.’’

दोरोयनं मोबाईल पुढं केला. याच व्हरांड्यात पान्सितचं ताट, लांब शेवया, लांब आयुष्यासाठी. एदिथा मध्ये, दोरोय शेवया तोंडात कोंबताना, आणि कडेला ताटली धरून टीचर फ्लोर. निलानं चेहऱ्यांवरून नजर सरकवली आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. ताटली धरलेल्या सावळ्या बोटावर अंगठीच्या जागी फिकट पट्टा होता.

‘‘काल ही अंगठी बोटात होती,’’ ती म्हणाली. ‘‘पिवळी. इतकी फिरवत होती की मला घेरी आली. शुक्रवारी दुपारी मात्र काढून ठेवलेली. शेवया खायला कुणी अंगठी काढतं का?’’

मालागितमध्ये अंगठी कधी काढतात हे दोघांनाही ठाऊक होतं. नवरा गिरणीवर निघाला की दारातच अंगठी उतरवून बायकोच्या हातावर ठेवतो. बायकोला पाऱ्याला हात लावायचा असला की ती आधी बोट मोकळं करते. विचार करून नाही. चपला काढून घरात शिरावं तसं. परका माणूस अंगठी काढायला विसरतो आणि सापडतो. इथला माणूस ती काढतो, आणि तोही सापडला होता.

‘‘नाही,’’ एदिथा म्हणाली. ‘‘तिनंच तर हे सगळं सुरू केलं.’’

‘‘म्हणूनच,’’ निला म्हणाली आणि छत्री उचलली.

५

मधल्या सुट्टीत ती बातोबातोला पोचली. हापशावर रांग होती. एक मुलगी दांडा दाबत होती, दुसरी ओंजळीनं पीत होती, तिसरी दोघींवर पाणी उडवत होती. टीचर फ्लोर ओरडत होती, ‘‘पिऊ नका म्हटलं ना! घरून आणलेलं प्या!’’ आणि मुलं हो हो म्हणून पीत होती.

‘‘घरून कुणी आणत नाही,’’ ती निलाला म्हणाली. ‘‘घरीही याच हापशाचं जातं.’’

‘‘पारा कुठून आणलास, टीचर?’’

फ्लोरनं बोटातली अंगठी झाकली. मग झाकून काय उपयोग, हे लक्षात आलं आणि हात खाली सोडले.

‘‘वडिलांच्या सोड्याच्या बाटलीतला. बुचात थोडासा ओतून कपाटात मागच्या बाजूला ठेवला. मंगळवारी पहाटे येऊन काढला.’’ ती जमिनीकडे बघत बोलत होती. ‘‘गिरणी बंद केल्याचं कळल्यावर माझी झोप उडाली, मानाय. आठ महिने मी या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पोरांचे बापच गिरणीवर कामाला. आणि गुरुवारी पाणी स्वच्छ निघालं, तर म्हणतील टीचरला वेड लागलं होतं. पुन्हा कोण मोजणार होतं? म्हटलं, थोडं वाढलं तर काय बिघडलं? खरंच तर आहे ते. खोटं थोडंच घालतेय मी?’’

‘‘खोटंच घातलंस. खऱ्याच्या मदतीला म्हणून.’’

‘‘हापशाच्या बाटल्यांत गेला का?’’

‘‘त्या काचेच्या आहेत. त्यांना काही झालेलं नाही. तुझा पारा गेला फक्त कोऱ्या पाण्यात.’’ निलानं एदिथाचे शब्द जसे आठवले तसे सांगितले. ‘‘आणि कोरं पाणी कशाला मोजतात विचारत होतीस ना? माझ्या दुकानात सकाळी पहिल्यांदा रिकामा काटा बघायचे. रिकामा काटाच झुकलेला असला, तर नंतर त्यावर ठेवलेलं सोनं कुणाचं किती, कोण मानील? तू रिकामा काटा झुकवलास.’’

फ्लोरनं हापशाकडे पाहिलं. ‘‘एदिथा काय म्हणते, दोन आठवड्यांत खरंच उतरलं असेल पाणी?’’

‘‘ती हसली. म्हणाली, वीस वर्षं जमिनीत मुरलेला पारा दोन आठवड्यांच्या सुट्टीनं कुठं जातो? तुझ्या मदतीची काही गरज नव्हती.’’

हे ऐकून मात्र फ्लोर तिथंच हापशाच्या कट्ट्यावर बसली.

‘‘तुम्ही उद्या सांगणार सगळ्यांना?’’ तिनं विचारलं.

‘‘मी? मला बोलावलंय नाव शोधायला, भाषण करायला नाही. डीनच्या पत्रात नावाची जागा रिकामी आहे. उद्या तू उठून बोलली नाहीस, तर ती दोरोयच्या नावानं भरेल. आणि तू बोललीस, तर तुझी नोकरी जाईल. हापशाचं काय होईल ते मला सांगता येत नाही. गिरणीचा वकील म्हणेल, बघा, यांनीच पारा घातला, सगळंच खोटं.’’

‘‘म्हणजे मी बोलले तरी हापसा चालू आणि नाही बोलले तरी चालू.’’

घंटेची वेळ झाली होती. घंटा मारायला कुणीच गेलं नाही आणि मुलांच्या ते पथ्यावर पडलं.

‘‘दुकानात गिऱ्हाईक काट्यावर संशय घ्यायचं,’’ निला शेवटी म्हणाली, ‘‘तेव्हा मी माझी वजनं काढून घ्यायची आणि म्हणायची, वजन म्हणून तुझं नाणं टाक. एदिथाला मी तेच करायला सांगितलंय. पण ते तुझ्या बोलण्यानंतर. आधी नाही.’’

६

गुरुवारी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. मालागितमध्ये एवढी गर्दी सौंदर्यस्पर्धेलाच होते. गिरणीच्या वतीनं ॲटर्नी सालेन. वकिलाला गावात नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं ॲटर्नी. ते उठायच्या आत टीचर फ्लोर उठली.

तिनं सगळं सांगितलं. बूच, किल्ली, पहाट. दोरोयचं नाव घेताना ती त्याच्याकडे वळली. ‘‘मानोय दोरोयनं काही केलं नाही. मी त्याला दोन दिवस संशयात राहू दिलं.’’ दोरोयनं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

ॲटर्नी सालेनना इतकं आयतं कधी मिळालं नव्हतं. ‘‘माननीय सदस्य,’’ ते म्हणाले, ‘‘आता मोजायचं काय उरलं? यांचं पाणी, यांचा पारा, यांचं यंत्र!’’

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. बातोबातोचेच लोक होते ते.

एदिथा उठली. ‘‘ॲटर्नींचं बरोबर आहे. कपाटातली एकही बाटली मी इथं आणलेली नाही. पट्ट्या नव्या आहेत. काल दुसऱ्या खोलीत केल्या. डबा ॲटर्नींपुढं ठेवते. त्यांनी हव्या त्या दोन काढाव्यात. कोरं पाणी म्हणून त्यांच्यासमोरची पिण्याची बाटली द्यावी. आणि हापशाचं पाणी आज सकाळी कारकुनाबरोबर ॲटर्नींच्याच ड्रायव्हरनं भरलंय.’’

सालेननी ड्रायव्हरकडे पाहिलं.

‘‘कारकुनानं सांगितलं म्हणून भरलं, ॲटर्नी,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘मला काय माहीत.’’

नाही म्हणायला जागा नव्हती. सालेननी डब्याच्या तळातून दोन पट्ट्या शोधून काढल्या, आपली पाण्याची बाटली पुढं सरकवली. एदिथानं त्यात आम्लाचे थेंब टाकले, पट्टी बुडवली. आठ सदस्य खुर्च्या ओढून पडद्यापुढं आले. पाच मिनिटं पंख्याचा आवाज तेवढा होता.

रेघ सपाट आली.

‘‘ॲटर्नींच्या पाण्यात पारा नाही,’’ एदिथा म्हणाली. तेवढेच थेंब तिनं हापशाच्या पाण्यात टाकले आणि दुसरी पट्टी बुडवली. पुन्हा पाच मिनिटं. रेघ निघाली, मध्यावर चढू लागली, चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. एदिथानं पडद्याचं माप बदललं, तेव्हा कुठं तिचा माथा दिसला.

‘‘सहापट,’’ ती म्हणाली. ‘‘गेल्या महिन्यात सातपट होतं.’’

गिरणीवर काम करणारा एक बाप मागून पुढं आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, ड्रायव्हरनं आणलेल्या बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘हेच का पाणी? माझी पोरं पितात तेच?’’

‘‘तेच,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘मी स्वतः भरलं.’’

मतदान पाच विरुद्ध तीन झालं. हापसा त्याच दिवसापासून बंद. सोमवारपासून शाळेला टँकर. गिरणी हलवण्याचा विषय पुढच्या बैठकीत. लगेच शिक्षण खात्याचे पर्यवेक्षक उठले. पुराव्याशी छेडछाड केल्याबद्दल फ्लोरदेलिझ व्हिबार एक वर्षासाठी निलंबित, उद्यापासून. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

डीन बालाने निलाजवळ आले. ‘‘मानाय, उगाच बोलली ती. गप्प बसती तरी एदिथाचं मोजमाप खरंच निघालं असतं.’’

‘‘निघालं असतं. मग तुम्ही दोरोयचं नाव भरलं असतं आणि सोमवारी ॲटर्नी आले असते विचारायला, कोऱ्या पाण्याचं काय झालं?’’ तिनं छत्री उघडली. ‘‘ते पत्र फाडा आता.’’

संध्याकाळी चार वाजता बातोबातोच्या हापशापाशी पन्नासेक माणसं जमली होती आणि दांडा कुणी काढायचा यावर वाद चालला होता. कारकून म्हणाला, माझं काम कागदाचं. गावचा कप्तान, म्हणजे सरपंच, म्हणाला, शाळेची वस्तू आहे, शाळेनं काढावी. गिरणीवाल्यांतल्या कुणाची हिंमत नव्हती, बाकीच्यांना शेजारधर्म सांभाळायचा होता.

टीचर फ्लोर गर्दीतून पुढं आली. हातात पाना होता.

‘‘तू नाही,’’ कप्तान म्हणाला. ‘‘तुला काढून टाकलंय.’’

‘‘उद्यापासून,’’ फ्लोर म्हणाली. ‘‘आज मी हेडमास्तर आहे.’’

बोल्ट गंजलेला होता. तिला पाऊण तास लागला. दोरोयनं दोनदा मदतीला हात पुढं केला आणि दोनदा तिनं तो बाजूला सारला. बोल्ट सुटला, दांडा तिच्या हातात आला. तो शाळेच्या कपाटात ठेवून तिनं कुलूप लावलं, हजेरीपटावर तारखेसकट नोंद केली आणि कपाटाची किल्ली, वर्गाची किल्ली, घंटेचा हातोडा कप्तानाच्या हातावर ठेवून ती घराकडे चालू लागली.